स्कॅन एक, खिसे तीन: मोबाइल वॉलेट आणि क्रेडिट कार्ड समजून घेऊया

वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर. डहाणू लोकलच्या या पट्ट्यात आता चहाच्या टपरीपासून बाजारात मासळी घेऊन बसणाऱ्या मावशीपर्यंत बहुतेकांकडे क्यूआर कोडचा कागद दिसतो. तारापूर एमआयडीसीत पाळीला जाणारा तरुण खिशात रोख न ठेवताच घराबाहेर पडतो. फोन काढायचा, स्कॅन करायचे, पिन टाकायचा आणि निघायचे. पैसे दिले गेले एवढे आपल्याला कळते. पण ते पैसे नेमके कोणाचे होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

एकाच ॲपमधून, एकाच स्कॅनने, तीन वेगवेगळ्या खिशांतून पैसे जाऊ शकतात. पहिला खिसा आपल्या बँक खात्याचा. दुसरा वॉलेटचा, म्हणजे आपणच आधी भरून ठेवलेल्या पैशांचा. तिसरा क्रेडिट कार्डाचा, म्हणजे बँकेकडून घेतलेल्या उसन्या पैशांचा. पडद्यावर हे तिन्ही पर्याय एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत दिसतात. पहिल्या दोन खिशांतले पैसे संपले की खर्च आपोआप थांबतो. तिसऱ्या खिशातला खर्च मात्र महिन्यानंतर बिल होऊन परत येतो.

सामाजिक काम करताना कंत्राटी कामगारांशी, त्यांच्या घरच्यांशी बोलणे होते, तेव्हा हा गोंधळ वारंवार समोर येतो. 'मी तर फोनवरूनच दिले होते, मग हे बिल कसले?' असा प्रश्न शिकलेली मुलेही विचारतात. म्हणून हा व्यवहार आतून कसा चालतो ते सोप्या भाषेत पाहू.

पहिला खिसा: बँक खाते

फोनपे, गुगल पे, पेटीएम, भीम ही ॲप आपण रोज वापरतो. बोलताना सगळ्यांना आपण 'वॉलेट' म्हणतो. पण या ॲपमधून होणारा बहुतेक व्यवहार यूपीआयचा असतो आणि यूपीआय हे वॉलेट नाही. तो बँकांना जोडणारा रस्ता आहे. 2016 साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, या संस्थेने तो सुरू केला. ॲप फक्त आपला निरोप पोहोचवते: 'माझ्या खात्यातून एवढे पैसे त्याच्या खात्यात जमा करा.' आपली बँक पिन तपासते, खात्यात शिल्लक आहे का पाहते, पैसे वजा करते आणि समोरच्याची बँक ते जमा करते. पैसे ॲपमध्ये कधी थांबतच नाहीत. म्हणून ॲप काढून टाकले किंवा फोन पाण्यात पडला तरी खात्यातली रक्कम जागेवर राहते.

याच रस्त्यावर चालणारे सरकारी पाठबळाचे भीम ॲप 30 डिसेंबर 2016 रोजी दिल्लीत सुरू झाले. त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरून ठेवल्याचे पंतप्रधानांनी तेव्हा सांगितले होते. नाव आपल्या जवळचे आहे. पण ॲप कोणतेही असो, आत चालणारा व्यवहार आणि त्याचे नियम समजून घ्यावेच लागतात.

या सोयीचे मोल आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. वैतरणा खाडीतल्या वाढीव बेटावरच्या लोकांनी वर्षानुवर्षे रेल्वे पुलावरून चालत स्टेशन गाठले आहे. अशा ठिकाणच्या माणसाला पाचशे रुपये पाठवण्यासाठी बँकेत जाणे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवणे. ते काम फोनवर दोन मिनिटांत होत असेल, तर ते चांगलेच आहे.

दुसरा खिसा: खरेखुरे वॉलेट

वॉलेट म्हणजे पैसे आधी भरायचे आणि मग त्यातून खर्च करायचा. रिझर्व्ह बँक याला 'प्रीपेड' साधन म्हणते. आपण वॉलेटमध्ये 500 रुपये भरले की ते आपल्या बँक खात्यातून निघतात आणि वॉलेट चालवणाऱ्या कंपनीने बँकेत उघडलेल्या वेगळ्या 'एस्क्रो' खात्यात जातात. आपल्या नावावर 500 चा आकडा दिसतो. या शिलकीवर व्याज मिळत नाही.

वॉलेटचे दोन मुख्य प्रकार आहेत. फक्त मोबाइल क्रमांक आणि थोडी माहिती देऊन उघडलेल्या छोट्या वॉलेटमध्ये जास्तीत जास्त 10,000 रुपये ठेवता येतात. त्यातून खरेदी करता येते, पण दुसऱ्या माणसाला पैसे पाठवता येत नाहीत. पूर्ण केवायसी केलेल्या वॉलेटमध्ये 2,00,000 रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि दुसऱ्याला पैसेही पाठवता येतात.

लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांना रेल्वेचे आर-वॉलेट ठाऊक असेल. त्यात भरलेले पैसे तिकीट आणि पास काढायलाच चालतात, त्यातून वडापाव घेता येत नाही. यूपीआय लाइट हेही एक छोटे वॉलेटच आहे. बँक खात्यातून थोडे पैसे आधी काढून फोनवरच्या त्या कप्प्यात ठेवायचे आणि छोट्या रकमा पिन न टाकता द्यायच्या. त्यात 5,000 रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत देता येतात. पिन लागत नसल्याने फोन हरवला तर या कप्प्यातली रक्कम धोक्यात येऊ शकते. म्हणून त्यात गरजेपुरतेच ठेवावे.

वॉलेटचे पैसे कंपनीच्या व्यवस्थेत असतात, हे 2024 साली अनेकांना पहिल्यांदा जाणवले. रिझर्व्ह बँकेने 31 जानेवारी 2024 रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. 15 मार्च 2024 नंतर तिथल्या खात्यांत आणि वॉलेटमध्ये नवे पैसे भरणे बंद झाले. असलेली शिल्लक वापरायची आणि काढायची मुभा होती, त्यामुळे लोकांचे पैसे बुडाले नाहीत. पेटीएमचे ॲपही पुढे दुसऱ्या बँकांच्या आधारे यूपीआयसाठी चालू राहिले. ॲप, वॉलेट आणि बँक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वेळी स्पष्ट झाले.

तिसरा खिसा: क्रेडिट कार्ड फोनमध्ये कसे येते?

क्रेडिट कार्ड फोनशी तीन मार्गांनी जोडले जाते.

पहिला मार्ग म्हणजे कार्डावरून वॉलेटमध्ये पैसे भरणे. हे चालते, पण बहुतेक कंपन्या त्यावर वेगळे शुल्क घेतात. काही बँकाही अशा व्यवहारावर आपले शुल्क लावतात. म्हणजे उसने पैसे घ्यायचे आणि ते वॉलेटमध्ये ठेवायलाही पैसे मोजायचे. फारच अडचण असल्याशिवाय हा मार्ग घेऊ नये.

दुसरा मार्ग म्हणजे कार्ड ॲपमध्ये किंवा खरेदीच्या साइटवर नोंदवून ठेवणे. पूर्वी या कंपन्या आपल्या कार्डाचा पूर्ण क्रमांक स्वतःकडे साठवत. 1 ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेने ते बंद केले. आता खऱ्या क्रमांकाच्या जागी 'टोकन' नावाचा पर्यायी क्रमांक ठेवला जातो. मंगल कार्यालयात चप्पल ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखे हे आहे. बिल्ला त्या एकाच कार्यालयात चालतो, दुसरीकडे त्याचा उपयोग नाही. तसे एका ॲपसाठीचे टोकन चोरीला गेले तरी दुसरीकडे त्यावर खरेदी करता येत नाही. काही फोन कार्डाच्या मशीनजवळ नेऊन टेकवले की पैसे जातात, तिथेही असेच टोकन वापरले जाते.

तिसरा मार्ग सध्या सर्वांत वेगाने पसरतो आहे. तो म्हणजे रुपे क्रेडिट कार्ड थेट यूपीआयला जोडणे. रिझर्व्ह बँकेने जून 2022 मध्ये याची घोषणा केली आणि 20 सप्टेंबर 2022 रोजी मुंबईत ही सोय सुरू झाली. पंजाब नॅशनल बँक, युनियन बँक आणि इंडियन बँक यांच्या ग्राहकांना भीम ॲपवर ती आधी मिळाली. पुढे इतर बँका आणि ॲपही आले. बँक खात्यासारखेच क्रेडिट कार्ड ॲपमध्ये जोडायचे, कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख टाकायची, ओटीपी द्यायचा आणि त्या कार्डासाठी वेगळा यूपीआय पिन ठरवायचा. मग जिथे कार्डाचे मशीन कधीच पोहोचले नव्हते, त्या किराणा दुकानातही क्रेडिट कार्ड चालू लागते. व्हिसा किंवा मास्टरकार्डचे क्रेडिट कार्ड अशा तऱ्हेने जोडता येत नाही, त्यासाठी रुपेचेच कार्ड लागते.

याशिवाय 'पे लेटर', 'क्रेडिट लाइन', 'फ्लेक्स' अशी गोड नावे ॲपमध्ये दिसतात. नाव काहीही असले तरी पैसे आज वापरून नंतर द्यायचे असतील, तर ते कर्ज आहे.

त्या पाच सेकंदांत काय घडते?

समजा, बोईसरच्या एका औषधांच्या दुकानात तुम्ही 640 रुपयांसाठी स्कॅन केले आणि यादीतून रुपे क्रेडिट कार्ड निवडले. पिन टाकल्यावर ॲपचा निरोप एनपीसीआयकडे जातो. एनपीसीआय तो कार्ड देणाऱ्या बँकेकडे नेते. बँक पिन तपासते आणि तुमच्या मर्यादेत 640 रुपये उरले आहेत का ते पाहते. इथे बचत खात्याकडे कोणी बघतही नाही. त्यात शून्य शिल्लक असली तरी व्यवहार होतो. बँक होकार देते, दुकानदाराच्या खात्यात पैसे जमा होतात आणि तुमच्या कार्डाच्या खात्यावर 640 रुपयांचे देणे लिहिले जाते.

मग बँकेला यात काय मिळते? यूपीआयने बँक खात्यातून दिलेल्या पैशांवर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराकडून काहीही घेतले जात नाही. क्रेडिट कार्डाचे तसे नाही. तिथे रकमेचा काही टक्के भाग दुकानदाराकडून कापला जातो. त्याला एमडीआर म्हणतात. छोट्या दुकानदारांना सवलत म्हणून 2,000 रुपयांपर्यंतच्या रुपे क्रेडिट-यूपीआय व्यवहारावर हे शुल्क लावलेले नाही. म्हणून छोट्या दुकानात 2,000 च्या आतल्या खरेदीवर 'क्रेडिट कार्ड आहे, वर दोन टक्के द्या' असे कोणी म्हणाले, तर कशासाठी ते जरूर विचारा. मोठ्या दुकानांकडून मिळणारे शुल्क आणि तुमच्याकडून मिळणारे व्याज, या दोन गोष्टींवर कार्डाचा धंदा चालतो. 'आयुष्यभर मोफत कार्ड' देणे बँकेला परवडते ते यामुळेच.

वर्गणीला क्रेडिट कार्ड का चालत नाही?

यूपीआयवरचे क्रेडिट कार्ड फक्त व्यापारी म्हणून नोंदलेल्या क्यूआरवर चालते. मित्राच्या नंबरवर, घरी आईच्या खात्यात किंवा स्वतःच्याच खात्यात त्यातून पैसे पाठवता येत नाहीत. यूपीआयवर कार्डातून रोख काढताही येत नाही.

14 एप्रिलच्या जयंतीसाठी अनेक मंडळे एखाद्या कार्यकर्त्याच्या वैयक्तिक नंबरचा क्यूआर ग्रुपवर टाकतात. त्यावर क्रेडिट कार्डाने वर्गणी जात नाही, याचे कारण हेच. आणि ते बरेच आहे, कारण उसने पैसे काढून वर्गणी देण्याची गरज नाही. मात्र यातून दुसरा मुद्दा पुढे येतो. वैयक्तिक क्यूआरवर आलेली वर्गणी त्या माणसाच्या पगारात आणि घरखर्चात मिसळते. हिशोब देताना प्रामाणिक कार्यकर्ताही अडचणीत येतो. मंडळाची नोंदणी करून मंडळाच्या नावाचे बँक खाते उघडावे, क्यूआर त्याच खात्याचा असावा आणि बँकेचे विवरण दर वर्षी सभेत वाचून दाखवावे. डिजिटल व्यवहाराची प्रत्येक नोंद राहते. तिचा फायदा आपल्याच संस्थांना घेता येईल.

ओळखीच्या दुकानात कार्ड घासून किंवा स्कॅन करून शेकडा दोन-तीन रुपये कापून रोख देण्याचा प्रकारही चालतो. खरेदी न करता खरेदी झाल्याचे दाखवणे नियमाविरुद्ध आहे. बँकेच्या लक्षात आले तर कार्ड बंद होते. एटीएममधून क्रेडिट कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज लागते आणि वर शुल्कही बसते. तिथे बिनव्याजी मुदत नसते.

बिल आल्यावर खरी गोष्ट सुरू होते

क्रेडिट कार्डाची चांगली बाजू आधी सांगितली पाहिजे. महिन्याचे बिल ठरलेल्या तारखेच्या आत पूर्ण भरले, तर खरेदीवर व्याज लागत नाही. बिल निघण्याच्या आणि भरण्याच्या तारखेप्रमाणे साधारण वीस ते पन्नास दिवस पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात. नियमित पगार असलेल्या, हिशोब ठेवणाऱ्या माणसाला ही सोय आहे.

अडचण सुरू होते ती 'मिनिमम ड्यू' या दोन शब्दांपासून. बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण देणे, दुसरा किमान भरायची रक्कम. समजा, बिल 20,000 रुपयांचे आहे आणि किमान रक्कम 1,000 रुपये आहे. हजार भरले की आपण सुटलो असे वाटते. उरलेल्या 19,000 वर महिन्याला शेकडा साडेतीन रुपये व्याज धरू. ते होते 665 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 120 रुपये. एकूण 785. म्हणजे एकही नवी खरेदी केली नाही तरी पुढचे बिल 19,785 रुपयांचे. हजार रुपये भरून कर्ज उतरले फक्त 215 रुपयांनी. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे आकडा आणखी वाढतो. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. उद्याचे दुधाचे पैसे कार्डाने दिले, तर त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज.

महिन्याला शेकडा साडेतीन म्हणजे वर्षाला 42 टक्के. आपल्या वस्तीतल्या बचत गटात शेकडा एक किंवा दोन रुपयांवर चर्चा आणि वाद होतात. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराने शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज दिले, तर त्यावर वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. बँकांना तो कायदा लागू नाही. क्रेडिट कार्डावर 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणे ही अनुचित प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली दिला होता. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 20 डिसेंबर 2024 रोजी न्यायालयाने तो निकाल रद्द केला. आयोगाला अशी मर्यादा ठरवण्याचा अधिकार नाही, तो विषय रिझर्व्ह बँकेचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे आज या व्याजाला ठरावीक टक्क्यांचे कुंपण नाही. वाचवणारी गोष्ट एकच, बिल पूर्ण भरणे.

हा प्रश्न आपल्या तरुणांचा का आहे?

तारापूर एमआयडीसीत रसायन, कापड, पोलाद अशा कारखान्यांत मोठ्या संख्येने कंत्राटी कामगार आहेत. पगार कधी दहा तारखेला, कधी पंधराला. ऑर्डर कमी झाली की पाळ्या कमी. ठेकेदार बदलला की महिनाभर घरी. ज्याचे उत्पन्न असे वरखाली होते, त्याच्यासाठी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिसरा खिसा मोठा आधार वाटतो. पण बिलाची तारीख ठेकेदार पाहून येत नाही. एका महिन्याची पाळी चुकली की 'मिनिमम ड्यू' सुरू होतो आणि मग वर्षभर सुटत नाही.

मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक समाजातला मान आणि दुसरा उधारी मिळण्याची लायकी. ज्या वस्त्यांना बँकेच्या दारात पिढ्यान्पिढ्या पत नव्हती, तिथल्या मुलाच्या हातात बँकेचे कार्ड आले की त्याला ती प्रतिष्ठा वाटते. यात हसण्यासारखे काही नाही. पण ती पत कशी टिकते आणि कशी जाते, हेही कळायला हवे. प्रत्येक कार्डाची नोंद सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांकडे होते. दोन-तीन हजारांची थकबाकीही तिथे दिसते. पुढे स्वतःसाठी किंवा लहान भावंडाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलो की बँक आधी हाच अहवाल उघडते. या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो प्रत्येकाने मागवून पाहावा. आपल्या नावावर आपण न घेतलेले कर्ज असेल, तर ते तिथेच कळते.

आणखी एक सवय मोडायला हवी. 'तुझ्या नावावर कार्ड काढ, हप्ता मी भरतो' असे मित्र, मेहुणा किंवा ठेकेदाराचा माणूस सांगतो. कागदावर देणे तुमचेच असते. त्याने भरले नाही तर पत तुमची जाते.

आपले हक्क

रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड नियमांत ग्राहकाच्या बाजूच्या अनेक तरतुदी आहेत. त्या कोणी आपणहून सांगत नाही.

- न मागता कार्ड देता येत नाही. संमतीशिवाय कार्ड सुरू करून बिल लावले, तर बँकेने ते बिल मागे घ्यायचे आणि त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा.
- मिळालेले कार्ड 30 दिवसांत सुरू केले नाही, तर बँकेने ओटीपीने संमती विचारायची. संमती दिली नाही तर विनाशुल्क कार्ड बंद करायचे.
- सगळे देणे फेडून कार्ड बंद करण्याचा अर्ज केला, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे. नाही झाले तर दिवसाला 500 रुपये दंड बँकेने द्यायचा.
- देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच विलंब शुल्क लावता येते आणि थकबाकीची नोंद करता येते. विलंब शुल्क थकलेल्या रकमेवरच, पूर्ण बिलावर नाही.

फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम महत्त्वाचा आहे. बँकेची किंवा आपली चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर त्याप्रमाणे आपली जबाबदारी शून्य राहते. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. पण आपणच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्यालाच सोसावे लागते. म्हणून लाज न बाळगता लगेच कळवणे हाच उपाय.

पैसे गेल्याचे कळताच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवून कार्ड व यूपीआय बंद करा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

कार्यकर्त्यांसाठी

वस्तीत, विहारात, महिला मंडळात किंवा कामगारांच्या खोलीवर अर्ध्या तासाची बैठक घेऊन हे समजावता येईल. भाषण नको. प्रत्येकाला स्वतःचा फोन उघडायला सांगा आणि पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

1. ॲपमध्ये कोणकोणते खिसे जोडले आहेत? बँक खाते, वॉलेट, क्रेडिट कार्ड, पे लेटर, सगळ्यांची नावे मोठ्याने वाचा. नको असलेले काढून टाका.
2. स्कॅन केल्यावर सर्वांत आधी कोणता पर्याय दिसतो? तो बँक खात्याचा ठेवा. पिन टाकण्याआधी ती ओळ वाचायची सवय लावा.
3. पिन पैसे देताना लागतो. पैसे घ्यायला पिन, ओटीपी, स्कॅन काहीच लागत नाही. 'बक्षीस जमा करतो, पिन टाका' म्हणणारा चोर असतो.
4. 'कार्डाची मर्यादा वाढवतो', 'केवायसी संपली' असे सांगून कोणी व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली, तर ती उघडू नका. ॲप नेहमी अधिकृत स्टोअरमधूनच घ्या.
5. ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड आहे त्यांनी बिलाची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. पूर्ण बिल बँक खात्यातून आपोआप वजा होण्याची सोय करून ठेवता येते. त्या तारखेला खात्यात पैसे राहतील याची काळजी मात्र घ्यावी.
6. आधीच 'मिनिमम ड्यू'मध्ये अडकलेल्याने नवी खरेदी थांबवावी, बँकेकडे लेखी परतफेडीचे हप्ते मागावेत आणि कमी व्याजाचे पैसे बचत गट किंवा पतसंस्थेतून मिळत असतील तर आधी कार्ड फेडावे. वसुलीवाला घरी येऊन धमकावत असेल, तर ती बाब लोकपालाकडे आणि पोलिसांकडे न्यावी.

घरात फोन एकाचा आणि पिन सगळ्यांना माहीत, असे अनेक ठिकाणी असते. अशा घरात बैठकीला बाईमाणसांना आवर्जून बोलवा. किराणा आणि औषधांचे स्कॅन बहुतेक वेळा त्याच करतात आणि बिल आल्यावर बोलणीही त्यांनाच खावी लागतात. कोणता खिसा कोणाचा आहे, हे घरातल्या प्रत्येकाला कळले की पुढच्या महिन्याचे बिल उघडताना कोणाला धक्का बसणार नाही.